कडी, डोंगर, फाटक, फणी

किलडोनीच्या मठाने तांब्याची नाणी पाडली, आणि ती इतकी चांगली निघाली की कोणी खर्चच करेना. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

तोवर कॅरिकच्या त्या किनाऱ्यावर पैसा म्हणजे राजाची चांदीची पेनी, आणि चांदीची पेनी म्हणजे डोकेदुखी. एका पेनीला बादलीभर बिअर यायची. ज्याला पेलाभरच प्यायचीय त्याच्यापुढे दोन वाटा: पेनी कात्रीने कापून तिचे चार तुकडे करायचे, नाहीतर बादली संपवायची. तुकडे फळ्यांच्या फटीत हरवतात म्हणून बहुतेक जण बादलीच्या वाटेने जात. मठाधीश फादर रोलंड यांना हे फार लागलं. त्यांनी बिशपांना पत्र लिहिलं, बिशपांनी आणखी कोणाला लिहिलं, आणि दीड वर्षाने परवानगी आली. मठाने गोरगरिबांच्या सोयीसाठी तांब्याची बारीक नाणी पाडावीत. उन्हाळ्यात संत जॉनच्या जत्रेला राजाच्या टाकसाळीचा माणूस येऊन बघून जाईल. नाणी लोकांच्या हातात फिरत असली आणि काम नीटनेटकं असलं तर परवानगी कायम, नाहीतर बंद.

ठसे कोरायचं काम क्विंटिन मिस्त्रीकडे आलं.

क्विंटिन मठाच्या भट्टीवर पट्ट्यांची बकलं, नाड्यांची पितळी टोकं आणि मेणबत्त्यांची घरं करायचा. पंचवीस वर्षं करत होता. बकल हे असं काम आहे की चांगलं झालं तर कोणाच्या लक्षात येत नाही आणि वाईट झालं तर विजार खाली येते. म्हणजे मिस्त्रीचं नाव गावात निघायचं ते कोणाची तरी विजार खाली आल्यावरच. क्विंटिनच्या बकलामुळे तशी कोणाचीच एकदाही आली नव्हती, त्यामुळे त्याचं नाव कधी निघालंच नव्हतं. आयुष्यात एकदा तरी लोकांनी थांबून बघावं असं काहीतरी आपल्या हातून व्हावं, एवढीच त्याची इच्छा होती.

त्याला वाचता येत नव्हतं. मठाचे खजिनदार ब्रदर मॅल्कम यांना याची काळजी वाटली. त्यांनी पाटीवर नाण्याची लॅटिन ओळ लिहून दिली: क्रुक्स पेल्लित ऑम्ने क्रिमेन. म्हणजे, क्रूस सगळं पाप हाकलून लावतो.

"हाकलतो म्हणजे कसा?" क्विंटिनने विचारलं.

"कोंबड्या हाकलतात तसा."

"बरं." क्विंटिन पाटीकडे बराच वेळ बघत राहिला. मग बोट टेकवत म्हणाला, "नाल, लंगडी, खोबण, अँड्र्यू. पोट्या, फणी, कोपरा, कोपरा, खांब, फास. कडी, डोंगर, फाटक, फणी. नाल, लंगडी, खांब, डोंगर, फणी, फाटक."

ब्रदर मॅल्कमनी पाटीकडे पाहिलं. घोड्याच्या नालेसारखं पहिलं अक्षर, पोट पुढे काढून एक पाय लांब टाकणारं दुसरं. चौथं म्हणजे तर संत अँड्र्यूचा तिरपा क्रूसच. तीस वर्षं लॅटिन वाचत होते, पण हे कधी दिसलं नव्हतं.

"मिस्त्री, तुम्हाला अक्षरओळख नाही त्याचं काय करायचं?"

"काही करू नका, ब्रदर. वाचणारा माणूस अक्षराकडे बघत नाही. त्याला लगेच अर्थ लागतो आणि तो पुढे जातो. मला पुढे जायचंच नाहीये."

दुसऱ्या बाजूला गोल काढून त्यावर क्रूस बसवायचा होता. ब्रदर म्हणाले, हा गोल म्हणजे हे आपलं जग. क्विंटिन म्हणाला, जग गोल नाही, कॅरिक नुसतं खाचखळग्यांचं आहे. ब्रदर म्हणाले, लांबून. क्विंटिनने तो मुद्दा सोडून दिला, पण गोल कोरताना एका बाजूला, साधारण कॅरिक येईल तिथे, राईएवढं खडबडीत ठेवलं.

सहा आठवडे तो ठसा कोरत होता. ठशावर सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा नाण्यावर सुलटं येतं. अँड्र्यू उलटा-सुलटा एकच, म्हणून तो क्विंटिनचा लाडका. नाल, लंगडी, फणी यांना वळण लावावं लागलं. पहिलं नाणं पाडलं तेव्हा तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवली, वरचा ठसा धरला आणि घणाचा एकच घाव घातला. नाणं उचलून त्याने दाराशी उजेडात नेलं. अक्षरं अशी उभी होती की जणू कोणीतरी त्यांना नावानं हाक मारली आहे. क्विंटिनने ते बायकोला दाखवलं असतं, पण ती वारली होती. म्हणून त्याने मठाच्या गाढवाला दाखवलं. गाढवाने ते चाटलं, पण गिळलं नाही.

ईस्टरच्या रविवारी फादर रोलंडनी एक नाणं वर धरून लोकांना दाखवलं आणि अभिमानाने त्या ओळीचा अर्थ सांगितला. चूक झाली ती इथे.

दुसऱ्या दिवशी छप्पर शाकारणाऱ्यांना, मेंढपाळांना, लोकर पिंजणाऱ्या बायांना मजुरी म्हणून नाणी दिली. अख्खं पोतं बाहेर पडलं. त्यातलं एकही परत दिसलं नाही. मॅरिओटाच्या बिअरच्या दुकानात लोक बादलीवरच राहिले. चर्चच्या दानाच्या ताटात रविवारी दोन बटणं आणि एक वाळलेला हेरिंग मासा पडला.

"चोरी आहे," फादर रोलंड म्हणाले.

"कोणी चोरून काय करील, फादर? दुकानात आलं तर मॅरिओटाच्या नजरेतून सुटायचं नाही," ब्रदर मॅल्कम म्हणाले.

"तेच तर. म्हणून म्हणतो, मोठी चोरी आहे."

तेव्हा ब्रदर मॅल्कम वही घेऊन गावात निघाले, आणि आपलं नाणं आपण ओळखू म्हणून क्विंटिन बरोबर गेला.

पहिलं नाणं सापडलं ते लोणी काढायच्या रवीच्या तळाशी. ते घातल्यापासून लोणी येतंय असं त्या घरचं म्हणणं होतं. दुसरं एका गाईच्या शिंगाला बांधलेलं. गाय शेजाऱ्याच्या ओटच्या शेतात शिरायची, आता शिरत नाही. ब्रदरनी जाऊन बघितलं तर गाय शेतातच होती, पण मालक म्हणाला, ती नुसती उभी आहे, खात नाहीये. तिसरं पाळण्यात. चौथं बेथॉक आजींच्या गुडघ्याला, लोकरीच्या पट्टीत बांधलेलं.

"आजी, नाण्यावर पापाचं लिहिलंय," ब्रदर मॅल्कम म्हणाले. "गुडघ्याचं काही नाही."

"विसाव्या वर्षी नाचले होते मी. तेही ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात. सगळा जोर ह्याच गुडघ्यावर होता."

ब्रदरनी हे लिहायला वही उघडली, आणि काय लिहावं ते न सुचून मिटली.

"आता कसा आहे?" क्विंटिनने विचारलं.

"आता वाकतो. तुम्हीच कोरलंत ना हे, मिस्त्री? बघते मी ते रोज. बाकी काही कळत नाही, पण तो तिरका क्रूस काय सरळ आलाय."

क्विंटिनने खाली बघितलं. त्याचे कान तापले होते. परत येताना ब्रदर मॅल्कम दर दहा पावलांनी सुस्कारा सोडत होते आणि क्विंटिन चेहरा गंभीर ठेवायची शिकस्त करत होता. एकवीस घरांत नाणी होती. एकवीसही घरांत ती फडक्यात, लोकरीत नाहीतर मेणात गुंडाळून जपून ठेवलेली होती. त्याच्या हातचं बकल आजवर कोणी गुंडाळून ठेवलं नव्हतं.

फादर रोलंडनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही त्यांना सांगा ना, फादर, की नाणं खर्चायला असतं," ब्रदर म्हणाले.

"गेल्या रविवारी सांगितलं. तर तो गाईवाला उठून म्हणतो, क्रूस पाप हाकलतो हे खोटं आहे का? आता वेदीपुढे उभा राहून मी खोटं आहे म्हणू?"

"नको."

"खरं आहे म्हटलं तर ते खर्चत नाहीत. खोटं आहे म्हटलं तर मी पाखंडी. आणि जत्रा आली सात आठवड्यांवर." ते क्विंटिनकडे वळले. "मिस्त्री, नाणं जरा कमी चांगलं करता येईल?"

"म्हणजे पातळ?"

"म्हणजे... कमी हाकलणारं."

क्विंटिनला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तो खाली बसला. ओळीतलं 'सगळं' काढून टाकायचं होतं. सगळं पाप न हाकलता थोडं हाकलणारं नाणं असलं की लोक ते गुंडाळून ठेवणार नाहीत. आणि अक्षरंही इतकी देखणी नकोत, ओळीत एखादी चूकही असावी, फादर म्हणाले, देखण्या वस्तूला लोक जपतात. जुना ठसा मोडून टाकायचा आणि ही गोष्ट तिघांतच राहील अशी शपथ घ्यायची, कारण मठाने क्रुसाची ताकद कापली असं बाहेर गेलं तर बिशप मठाधीशांना कापतील.

"फादर," क्विंटिन म्हणाला, "टाकसाळीचा माणूस येणार आहे. तो माझं काम बघणार आहे."

"तो नाणी फिरतात का ते बघणार आहे."

"दोन्ही बघणार आहे. पत्रात होतं."

"होतं," फादर रोलंड म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. "पण न फिरणारं नाणं मी त्याला दाखवणार तरी कसं?"

क्विंटिनने शपथ घेतली. जुना ठसा त्याने स्वतःच मोडला, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही, आणि तुकडे मठाच्या संडासाखालच्या नाल्यात टाकले. मग नवा ठसा घेऊन बसला. ब्रदर मॅल्कम पाटी घेऊन समोर बसले, कारण चूक काय करायची ते क्विंटिनला लिहून हवं होतं.

"चूक लिहून कशाला हवी?" ब्रदर म्हणाले. "तुम्हाला वाचता येत नाही. चूक आपोआप व्हायला पाहिजे."

"येत नाही म्हणूनच होत नाही. मी दिसेल तसं कोरतो. तुम्ही चुकीचं लिहा, मी चुकीचं कोरतो."

ब्रदरनी खडू उचलला. 'पेल्लित' मधला एक कोपरा गाळून लिहिलं. बघितलं. त्यांचा हात नकळत पुढे गेला आणि गाळलेला कोपरा वर बारीक अक्षरात घालून आला.

"घातलात तुम्ही," क्विंटिन म्हणाला.

"कुठे?"

"हा काय."

ब्रदरनी पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा घातलं. तीस वर्षं ते दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करत होते आणि हात आता त्यांचं ऐकत नव्हता. दुपारपर्यंत पाटीवर त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात शुद्ध लॅटिन लिहून झालं होतं. 

"कडी, डोंगर, फाटक, फणी," क्विंटिन शेवटी म्हणाला. "तेच 'सगळं' ना?"

"हो."

"तेवढं काढतो."

काढलं. ब्रदरनी वाचलं. क्रूस पाप हाकलतो. "अहो, हे तर जास्तच जोरकस झालं," ते म्हणाले. "आधी निदान मोजून सगळं म्हटलं होतं. आता तर हद्दच राहिली नाही." मग पापाच्या शब्दातूनही डोंगर, फणी आणि फाटक गेलं. उरलं नाल, लंगडी, खांब.

"आता काय झालं?"

"क्रि," ब्रदर म्हणाले. "क्रूस क्रि हाकलतो."

"क्रि म्हणजे?"

"काही नाही. धर्माच्या दृष्टीने एकदम सुरक्षित."

राहिलं अक्षरं वाईट काढायचं. क्विंटिनने डाव्या हाताने कोरून बघितलं, तर डाव्या हातालाही पंचवीस वर्षांची संगत होती, तोही नीटच कोरत गेला. डोळे मिटून बघितलं. तरी कडा सरळ. शेवटी असं ठरलं की तो कोरत असताना ब्रदर मॅल्कमनी त्याच्या कोपराला धक्के द्यायचे. ब्रदर स्वभावाने भले, ते प्रत्येक धक्क्याआधी विचारायचे, "देऊ का?" त्यामुळे पहिले दोन दिवस काहीच साधलं नाही, क्विंटिन तयारीत असायचा. तिसऱ्या दिवशी ब्रदरना शिंक आली आणि अँड्र्यूचा एक पाय मोडला. क्विंटिन ठसा ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, "शिंकत राहा."

ही नाणी मात्र सुटली ती वाऱ्यासारखी. लोकांनी एकदा उजेडात धरली, जुन्याशी ताडून बघितली आणि समजायचं ते समजले. चार खुणा कमी आहेत, पुढच्या तीन कमी आहेत, अँड्र्यू लंगडा आहे. ही बारीकसारीक पापांची. ही ठेवण्यात अर्थ नाही. मॅरिओटाच्या दुकानात पेला-पेला बिअर जाऊ लागली, हेरिंग एकेक विकला जाऊ लागला, गावात पहिल्यांदाच लोक संध्याकाळी सरळ चालत घरी जाताना दिसू लागले. कोणीतरी ब्रदर मॅल्कमना विचारलं, यावर काय लिहिलंय, आणि ब्रदर खोटं बोलू शकत नसल्यामुळे म्हणाले, क्रि. तेव्हापासून गावात तो शब्दच झाला. बिअरमध्ये पाणी घातलं की लोक म्हणत, "मॅरिओटा, आज जरा क्रि झालंय," आणि ती म्हणे, "एवढं क्रि चालतं."

फादर रोलंड खुशीत होते. क्विंटिन बाजारात जाईनासा झाला. पंचवीस वर्षं त्याचं नाव निघालं नव्हतं, आणि आता त्याच्या हातचं सगळ्यात वाईट काम कॅरिकमधल्या प्रत्येक मुठीत होतं.

संत जॉनच्या जत्रेला राजाच्या टाकसाळीतून वीम्स साहेब आले. उंच, बारीक, टोपी कानांवर ओढून घेतलेली. चांदीच्या नाण्यांत आयुष्य काढलेलं, त्यामुळे तांब्यावाल्यांशी बोलताना जरा मागे सरून बोलायचे. मॅरिओटाच्या टेबलाशी उभं राहून त्यांनी एक पेला घेतला, चांदीची पेनी दिली, आणि उरलेले पैसे म्हणून तिने त्यांच्या ओंजळीत तांब्याचा ढीग ओतला. फादर रोलंड, ब्रदर मॅल्कम आणि त्यांच्या मागे क्विंटिन तिथेच उभे होते. फादरनी आदल्या दिवशीच त्याला निरोप धाडला होता, की येणं भाग आहे.

"फिरतंय हे खरं," वीम्स साहेब म्हणाले. "पोटात जंत फिरतात तसं फिरतंय." त्यांनी एक नाणं डोळ्यांजवळ नेलं. मग दुसरं. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. ते हसत होते, पण त्याचा आवाज येत नव्हता. "फादर, हे कोणी कोरलं? कोंबडी चालत गेली का यावरून?"

फादर रोलंडनी आभाळाकडे पाहिलं. ब्रदर मॅल्कम पाटीसारखे कोरे झाले.

"मी," क्विंटिन म्हणाला.

"तुम्ही. यापूर्वी काय करायचात?"

"बकलं."

"मग बकलंच करा." वीम्स साहेब आता हसत नव्हते, कामाचं बोलत होते. "फादर, मी लिहून देतो. परवानगी राहील, पण कोरणारा एडिंबरातून येईल. या माणसाने ठशाला हात लावायचा नाही. राजाच्या नावाची वस्तू आहे ही. अक्षर म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याच्या हाती ती देता येणार नाही."

क्विंटिनला सांगता आलं असतं, पण शपथ होती. त्याने फादरकडे बघितलं. फादर अजून आभाळातच होते.

"साहेब, तुम्ही तिकडचे, म्हणून सोडून देते," मॅरिओटा म्हणाली. तिने हात पुसले. "मिस्त्रींना अक्षर माहीत नाही म्हणता?"

"बाई, हे बघा ना तुम्हीच."

"ते काय बघायचं? ते खर्चायचं." ती वळली, बिअरच्या मोठ्या पिंपाच्या तळाशी हात घालून काहीतरी ओरबाडून काढलं, मेणाचा लपका फोडला आणि आतलं नाणं टेबलावर ठेवलं. "हे बघायचं."

वीम्स साहेबांनी ते उचललं. टेबलापासून दूर, उन्हात गेले. नाणं फिरवलं. परत आले तेव्हा टेबलावर दुसरं एक होतं, गाईवाल्याचं. तिसरं पाळण्यातलं, त्याला बाळाच्या दाताच्या खुणा होत्या. बेथॉक आजी लोकांना कोपरांनी बाजूला सारत आल्या, सगळ्यांसमोर स्कर्ट गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि पट्टी सोडू लागल्या. वीम्स साहेबांनी तोंड फिरवलं.

"इकडे बघा, साहेब," आजी म्हणाल्या. "लाजायला काय झालं? हा अँड्र्यू बघा, आणि मग बोला."

कोणी टोपीच्या अस्तरातून काढलं, कोणी जोड्यातून. एका मेंढपाळाने मेंढीच धरून आणली, तिच्या गळ्यात होतं. प्रत्येकजण नाणं ठेवताना सांगत होता की हे काय करतं: हे घोरणं, हे सासू, हे वादळ, हे नवऱ्याचा स्वभाव पण फक्त शुक्रवारी. टेबल तांब्याने लालसर दिसू लागलं. आणि सगळ्यांत शेवटी एक काळी बाही पुढे आली, तिच्या टोकाची शिवण दातांनी उसवली गेली, आणि फादर रोलंडनी आपलं नाणं बाकीच्यांच्या शेजारी ठेवलं.

"वात," ते म्हणाले. "जेवल्यावर होतो."

ब्रदर मॅल्कम त्यांच्याकडे बघत राहिले. 'मोठी चोरी आहे' म्हणणाऱ्या माणसाकडे बघावं तसं.

"मिस्त्री, मी तुम्हाला शपथेतून मोकळं करतो," फादर रोलंड म्हणाले. "सांगा त्यांना."

पण क्विंटिनला लांबलचक सांगता येत नव्हतं. त्याने आपली नाणी बघितली, एकेक, ओळीने. इतकी एकत्र त्याने पाडली त्या दिवसानंतर पाहिली नव्हती. गुंडाळून ठेवल्यामुळे एकाचीही कड झिजली नव्हती. "ती खर्चायची आहेत, साहेब," तो म्हणाला. "ही ठेवायची."

वीम्स साहेबांनी एक नाणं त्याच्यासमोर धरलं. "वाचा बघू."

"वाचता येत नाही."

"मग हे काय आहे?"

क्विंटिनने बोट टेकवलं. "नाल, लंगडी, खोबण, अँड्र्यू." तो पुढे जात राहिला, कडी, डोंगर, फाटक, फणीपर्यंत. "हे 'सगळं'. म्हणजे ब्रदर म्हणतात तसं. खर्चायच्या नाण्यात हे नाही." मग शेवटच्या फाटकापर्यंत गेला. मागून बेथॉक आजी पुटपुटत त्याच्याबरोबर म्हणत होत्या. त्यांना ते कोणी शिकवलं होतं कोणास ठाऊक.

वीम्स साहेबांनी टोपी काढली. जत्रेत टोपी काढायचं काही कारण नव्हतं. "एक मला हवं," ते म्हणाले. "चांदीची पेनी देतो."

मेंढपाळाने मेंढी जवळ ओढली.

"दोन."

गाईवाल्याने आपलं नाणं हळूच मागे ओढलं. मग सगळेच ओढू लागले. बघता बघता टेबल रिकामं झालं आणि वीम्स साहेबांच्या हातातलंही मॅरिओटाने बोटं उघडून काढून घेतलं. "पिंपाचं आहे ते," ती म्हणाली. "नाहीतर आंबते."

वीम्स साहेब रिकाम्या हाताकडे बघत होते. "मिस्त्री, एडिंबराला चला," ते म्हणाले. "राजाच्या चांदीचे ठसे कोरा. घर मिळेल, वर्षाला नवा कोट मिळेल."

क्विंटिनने विचार केला. कोट चांगला असणार. "तिकडची नाणी लोक खर्चतात का?" त्याने विचारलं.

"म्हणजे काय? नाणीच ती."

"मग नको."

यावर बेथॉक आजी मोठ्याने हसल्या, आणि मग पट्टी बांधायला वाकल्या, आणि वाकता आलं म्हणून आणखी हसल्या.

"बरं, एडिंबराला नका येऊ," वीम्स साहेब म्हणाले. "मी लिहून देतो की ठसे याच माणसाने कोरावेत. खर्चायचे आणि ठेवायचे, दोन्ही. पण मला अहवालाला नमुना जोडावा लागेल. इथे तर कोणी देत नाही. एक नवं पाडून द्या."

"ठसा मोडलाय."

"नवा कोरा."

क्विंटिनने फादर रोलंडकडे बघितलं. फादरनी बाहीची उसवलेली शिवण मुठीत धरून मान हलवली.

"कोरतो," क्विंटिन म्हणाला. "फक्त एक सांगा, साहेब. तुमचं क्रिवर भागेल, की कडी, डोंगर, फाटक, फणी लागेल?"

भोवतीची सगळी माणसं थांबली. मेंढीसुद्धा थांबली. वीम्स साहेबांनी टोपी पुन्हा घातली, कानांवर ओढली, इकडेतिकडे पाहिलं आणि क्विंटिनच्या कानाशी वाकले. पण ते राजाच्या टाकसाळीत, घणांच्या आवाजात आयुष्य काढलेले गृहस्थ होते. त्यांचं हळू बोलणं साऱ्या जत्रेला ऐकू गेलं.

"सगळं घाला," ते म्हणाले. "आणि जागा उरली तर ते कडी-डोंगर दोनदा."

"जागा उरत नाही, साहेब," क्विंटिन म्हणाला. "नीट कोरलं तर."